पोवई नाक्याजवळची घरगुती मेस आणि ‘मेस’ या शब्दाचे मूळ

साताऱ्यात पोवई नाक्यावरून सदर बझारकडे जाताना एका बोळात दुमजली घराच्या कठड्याला पत्र्याची पाटी बांधलेली आहे. तिच्यावर निळ्या अक्षरांत ‘घरगुती मेस. डबा मिळेल.’ एवढेच लिहिले आहे. मालकाचे नाव नाही, फोन नंबरही नाही. चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणतात आणि त्या जागेला सगळे ‘काकूंची मेस’ म्हणतात. बदली होऊन मी साताऱ्यात आलो, कुटुंब मुलांच्या शाळेसाठी सांगलीतच राहिले, आणि गेले आठ महिने मी येथे दोन्ही वेळा जेवतो आहे. या मेसबद्दल लिहायचे बरेच दिवस मनात होते. ते आता लिहीत आहे, याला कारण माझ्या टेबलावर बसणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न.

ती कोरेगाव तालुक्यातली असून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी साताऱ्यात खोली घेऊन राहते. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो हे कळल्यापासून ती जेवताना एखादी तरी शंका काढतेच. एके दुपारी भाकरी मोडता मोडता तिने विचारले, “सर, मेस म्हणजे जेवायची जागा ना? मग पुस्तकात ‘युअर रूम इज अ मेस’ म्हणजे खोलीत पसारा आहे, असा अर्थ दिलाय. काकूंकडे तर पसारा कुठेच नाही. मग एकाच शब्दाचे असे दोन अर्थ कसे?” त्या दिवशी मी तिला अर्धवट उत्तर दिले. नंतर शब्दकोश काढून नीट पाहिले, आणि जे सापडले त्यामुळे मी ज्या जागी रोज जेवतो तिच्याकडे अधिक आदराने पाहू लागलो. म्हणून या परीक्षणात जेवणाइतकेच त्या शब्दाबद्दलही लिहिणार आहे.

‘मेस’ हा शब्द इंग्रजीत इ.स. १३०० च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ पसारा नव्हता, आणि जागा तर नव्हतीच. एका माणसापुढे एका वेळी वाढलेले अन्न, म्हणजे आपण ज्याला ‘एक वाढप’ म्हणू, तो त्याचा पहिला अर्थ. फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधील ‘मिस्सुम’ या रूपापासून आला आणि हे रूप ‘मित्तेरे’ या धातूचे आहे. ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्यालाच ‘ठेवणे’ असाही अर्थ आला. तेव्हा स्वयंपाकघरातून पाठवलेले आणि जेवणाऱ्यापुढे ठेवलेले ते ‘मेस’. आजच्या फ्रेंचमध्येही त्याच शब्दाचे पुढचे रूप ‘खाद्यपदार्थ’ या अर्थाने जिवंत आहे. याच ‘पाठवणे’ धातूची पिलावळ आपल्या रोजच्या बोलण्यात किती आहे, हे पाहून ती विद्यार्थिनी चकित झाली. फोनवर येतो तो मेसेज, कॉलेजात मिळते ती ॲडमिशन, दलाल घेतो ते कमिशन, सरकार देते ते परमिट, मित्राने मोडलेले प्रॉमिस, आकाशात सोडलेले मिसाईल ही सगळी मेसची सख्खी-चुलत भावंडे आहेत.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते, कारण आमच्या टेबलावर लगेच कोणीतरी “म्हणजे मिसळही त्यातलीच!” असे म्हटले. मिसळ त्यातली नाही. ‘मिसळणे’ हे संस्कृत ‘मिश्र’ शब्दाच्या घराण्यातले क्रियापद आहे, आणि त्या घराण्याचा इंग्रजीतला दूरचा नातेवाईक ‘मिक्स’ आहे. त्याचप्रमाणे आपले ‘मेज’ फारसीतून आले. त्याचाही मेसशी संबंध नाही. आवाज जुळला म्हणून नाते जुळत नाही. पाहुण्यांच्या आडनावावरून सोयरीक ठरवू नये, तसे शब्दांच्या बाबतीतही करू नये.

‘पुढे ठेवलेले अन्न’ हा अर्थ मला काकूंच्या मेसमध्ये रोज डोळ्यांसमोर दिसतो. हल्ली अनेक ठिकाणी भांडी मांडून ठेवतात आणि ज्याने त्याने आपले वाढून घ्यायचे असते. काकूंकडे तसे नाही. ताट त्या स्वतः किंवा त्यांच्या सूनबाई वाढतात, आणि ते वाढण्याला शिस्त आहे. साधे स्टीलचे ताट असते, कप्प्यांचे नव्हे. त्यात डाव्या बाजूला वर मिठाची चिमूट, शेजारी लिंबाची फोड, मग चटणी किंवा खर्डा, मग कोशिंबीर. उजव्या बाजूला सुकी भाजी आणि पातळ आमटीची वाटी. मध्ये भाकरी किंवा पोळी. आणि भात नंतर, मागितल्यावर. डावी-उजवी बाजू आपल्या घरांतून आता जवळजवळ गेली आहे. महिनेवारी जेवण देणाऱ्या ठिकाणी ती इतक्या काटेकोरपणे पाळलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. एकदा सूनबाईंनी घाईत चटणी उजवीकडे, भाजीला चिकटून वाढली, तेव्हा काकूंनी ताट परत घेतले आणि म्हणाल्या, “एकात एक गेलं की चव कशाचीच लागत नाय.” हे वाक्य पुढे मला फार उपयोगी पडले.

आता जेवणाविषयी. ज्वारीची भाकरी हे येथले सर्वांत मोठे बळ आहे. ती पातळ असते, कडेपर्यंत शिजलेली असते, आणि पापुद्रा सुटलेला असतो. तव्यावरून निखाऱ्यावर आणि निखाऱ्यावरून थेट ताटात असा तिचा प्रवास असल्याने पहिला घास भाजीशिवाय खाल्ला तरी चालतो. घेवड्याची उसळ आठवड्यातून एकदा असते. ती कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याची असते. अंगावर पट्टे असलेल्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि तो नीट शिजला म्हणजे साल न फुटता आतून लोण्यासारखा होतो. काकू तो रात्री भिजवतात आणि सकाळी मंद आचेवर शिजवतात. कुकरला लावत नाहीत. खर्डा तिखट आहे, अगदी सातारी तिखट. बाहेरून आलेल्याने पहिल्या दिवशी तो जपून घ्यावा. पोळ्या मात्र भाकरीच्या तोडीच्या नाहीत. संध्याकाळचा भात अनेकदा मऊ पडतो, आणि ताक पातळ असते.

गुरुवारी मसुराची आमटी असते. कराड-इस्लामपूरकडच्या माणसाला मसूर म्हटले की अख्खा मसूर आणि रोटी आठवते. काकूंची आमटी त्याहून साधी, कांदा-लसूण मसाल्याची आणि थोडी आंबटसर असते. मसुराचे आणि मेस या शब्दाचे एक जुने नातेही आहे. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात एसाव हा थोरला भाऊ भुकेने कासावीस होऊन मसुराच्या कालवणासाठी आपला ज्येष्ठपणाचा हक्क धाकट्याला विकतो. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी बायबलांच्या प्रकरण-शीर्षकांत त्या कालवणाला ‘मेस’ म्हटले गेले, आणि क्षुल्लक मोबदल्यासाठी मोलाची गोष्ट गमावणे या अर्थाचा वाक्प्रचार तेथून इंग्रजीत रुजला. म्हणजे त्या काळी ‘मेस’ म्हटले की वाटीभर शिजलेले, पळीवाढे अन्न डोळ्यांसमोर येत असे.

वाढपाचा अर्थ पुढे वाढप घेणाऱ्यांकडे सरकला. पंधराव्या शतकात एकत्र बसून एकाच भांड्यातून जेवणाऱ्या लोकांच्या गटाला ‘मेस’ म्हणू लागले, आणि हा गट बहुधा चार जणांचा असे. लंडनमध्ये बॅरिस्टर घडवणाऱ्या ज्या जुन्या चार संस्था आहेत, तेथे आजही मोठ्या दालनात चार-चार जणांचा एक ‘मेस’ करून जेवायला बसण्याची प्रथा आहे. विद्यार्थ्याने ठरावीक वेळा तेथे जेवणे हा त्याच्या शिक्षणाचाच भाग मानला जाई. त्यांपैकी ग्रेज इनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये प्रवेश घेतला होता. साताऱ्याच्या माणसाला येथे थांबावेसे वाटते. कारण बाबासाहेबांचे नाव शाळेच्या पटावर चढले ते ७ नोव्हेंबर १९०० रोजी, याच गावात, राजवाड्यातल्या तेव्हाच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये. ज्या मुलाला गावात इतरांबरोबर पाणी पिण्याचीही मुभा नव्हती, तो पुढे अशा संस्थेत शिकला जेथे चौघांनी एका पंक्तीला बसणे हा नियमच होता. हा दुवा मला एका शब्दाच्या निमित्ताने सापडला आणि त्या दिवशी मी राजवाड्यावरून मुद्दाम चालत गेलो.

काकूंच्या मेसमध्येही चार टेबले आहेत आणि प्रत्येकाला चार खुर्च्या. जागा इतकीच आहे, म्हणून एका वेळी सोळा माणसे. बसायच्या जागा कोणी ठरवून दिलेल्या नाहीत, पण महिनाभरात त्या ठरून जातात. आमच्या टेबलावर मी, ती विद्यार्थिनी, एका बँकेतले कारकून आणि सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार असे चौघे असतो. सुभेदारांच्या पत्नीचे निधन झाले आहे आणि मुलगा पुण्यात असतो. चार वाट्या एकाच वेळी टेबलावर येतात, लोणच्याची बरणी मध्ये असते, आणि कोणाला उशीर झाला तर त्याची भाकरी काकू झाकून ठेवतात. शब्दकोशातला पंधराव्या शतकाचा अर्थ याहून वेगळा नसावा.

सुभेदारांमुळे या शब्दाचा पुढचा टप्पाही टेबलावरच उलगडला. जहाजांवर आणि पलटणींत एकत्र जेवणाऱ्या गटांना मेस म्हणत. शिडाच्या जहाजांवर खलाशी तोफांच्या मधल्या जागेत टांगलेल्या फळ्यांवर गटागटाने जेवत, आणि गटातला एकेक जण पाळीने सगळ्यांचे अन्न आणत असे. गटाचे नाव मग त्या जेवणाच्या जागेला मिळाले. इंग्रजांबरोबर हा अर्थ आपल्याकडे आला आणि लष्करात मुरला. सातारा जिल्हा सैनिकांचा. अपशिंगे गावाला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच म्हणतात. १९६१ मध्ये देशातली पहिली सैनिक शाळाही येथेच सुरू झाली. सुभेदार सांगतात की जवानांच्या जेवणाला ते लंगर म्हणत आणि मेस हा शब्द साहेब लोकांच्या जागेसाठी राखून ठेवलेला असे. पण त्यांच्या घरी अजून ठेवलेल्या दोन ॲल्युमिनियमच्या भांड्यांना, एकात एक बसणाऱ्या आणि दुमडत्या दांडीच्या, ते मेसटिनच म्हणतात. साहेबांच्या जागेचा तो शब्द आज खोली करून राहणाऱ्या मुलांच्या तोंडी आहे, याचे त्यांना मोठे समाधान वाटते, आणि ते त्यांनी मला दोन-तीनदा बोलून दाखवले आहे.

मराठीने हा शब्द कसा आपलासा केला, हेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत त्याला लिंग नाही. आपण त्याला स्त्रीलिंगी केले, कारण आपल्याकडे आधीपासून खाणावळ होती आणि ती ‘ती’ होती. क्रियापदही आपले दिले. आपण मेस ‘लावतो’, जसा दुधाचा रतीब लावतो किंवा मुलाला शिकवणी लावतो; महिनेवारी चालणाऱ्या गोष्टीला मराठीत हेच क्रियापद लागते. खुद्द खाणावळ हा शब्द घडणावळ, शिवणावळ, धुणावळ यांच्या ओळीतला आहे. शिवण्याचे पैसे ती शिवणावळ, तसे खाण्याचे पैसे ती खाणावळ, आणि पैशांवरून ते नाव जागेला लागले. इंग्रजी शब्द अन्नापासून निघून जागेवर पोचला, मराठी शब्द पैशांपासून निघून त्याच जागेवर पोचला.

साताऱ्यात अजून एक इंग्रजी शब्द याच कामासाठी रुजला आहे, तो म्हणजे बोर्डिंग. ‘बोर्ड’ म्हणजे मुळात फळी. फळीवरून जेवणाचे टेबल, टेबलावरून त्यावरचे जेवण, आणि त्यावरून ‘लॉजिंग बोर्डिंग’ ही आपल्या बसस्थानकांभोवतीची पाटी. परंतु साताऱ्यात बोर्डिंग म्हटले की लॉज आठवत नाही, कर्मवीर आठवतात. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले, आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिले गेले. मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे येथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. काकूंचे वडील त्या बोर्डिंगमध्ये शिकले होते. त्या स्वतः यावर फारसे बोलत नाहीत. फक्त एकदा, पैसे थकलेल्या एका मुलाचा डबा बंद करा असे कोणी सुचवले, तेव्हा म्हणाल्या, “आमचा बा दुसऱ्याच्या भाकरीवर शिकलाय. त्या पोराचा डबा चालू राहील.”

आता त्या विद्यार्थिनीच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पसारा आला कोठून? पळीवाढे, कालवून एकत्र केलेले अन्न या अर्थावरून अठराव्या शतकात ‘मेस’ म्हणजे जनावरांपुढे ठेवायचे मिश्र खाद्य असा अर्थ झाला. आपल्याकडे म्हशीपुढे पेंड, भुसा आणि पाणी कालवून जे आंबोण ठेवतात, त्यासारखे. मग काय कशात मिसळले आहे ते ओळखू येणार नाही अशा कोणत्याही रबड्याला तो शब्द लागला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोंधळ, पसारा, अडचणीची स्थिती हे अर्थ पक्के झाले. पुढे त्यातून बिघडवून टाकणे, ढवळाढवळ करणे, गबाळे असणे अशी सगळी रूपे निघाली. आपल्यालाही हा प्रवास परका वाटू नये. ताटातली खिचडी आपण आवडीने खातो आणि तरीही कारभाराची खिचडी झाली म्हणून कपाळाला हात लावतो. मी हे सांगितले तेव्हा त्या मुलीने काकूंचेच वाक्य मला ऐकवले: एकात एक गेलं की चव कशाचीच लागत नाही. शब्दकोशाच्या दीड पानाचा अर्थ त्यात आला होता.

हा दुसरा अर्थ मी प्रत्यक्षातही अनुभवला आहे. पूर्वी दुसऱ्या एका गावी नोकरीला असताना मी जेथे जेवत होतो, तेथे दुपारच्या उरलेल्या भाज्या रात्री एकत्र करून, वरून लाल तर्री ओतून ‘मिक्स व्हेज’ म्हणून वाढत. महिनाभर पोट बिघडले तेव्हा ते माझ्या लक्षात आले, आणि मेस बंद करायला गेलो तर आगाऊ भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. त्यामुळे नव्या ठिकाणी मी पहिल्यांदा स्वयंपाकघर पाहतो. काकूंचे स्वयंपाकघर जेवणाच्या खोलीतूनच दिसते. मध्ये दार नाही. दुपारचे उरले तर ते तीनच्या सुमारास शेजारच्या गोठ्यात जाते. रात्रीची भाजी रात्रीचीच असते.

हिशेब चोख आहे, पण त्यात सुधारणेला वाव आहे. दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला ३,२०० रुपये, एका वेळचे १,८००, पाहुणा आणला तर ८० रुपये ताट. रविवारी दुपारी फीस्ट असते, त्यात पुरणपोळी, श्रीखंड किंवा मसालेभात असे काहीतरी असते, आणि रविवारी रात्री मेस बंद. खाड्यांसाठी काकूंची एक लांबट वही आहे. प्रत्येकाच्या नावापुढे तीस-एकतीस चौकोन, जेवला त्या वेळी निळी टिंबे आणि खाडा झाला तर लाल गोल. महिन्याच्या शेवटी ती वही त्या आपल्यापुढे ठेवतात, “मोजा तुम्हीच” म्हणतात, आणि लाल गोलांचे पैसे वजा करतात. त्रास एवढाच की सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जात नाही. शनिवार-रविवार गावी जाणाऱ्या मुलांना हा नियम जाचक आहे, आणि मी तो काकूंना स्पष्टपणे सांगितला आहे. त्यांचे म्हणणे असे की एक-दोन दिवसांच्या खाड्याने बाजारहाट कमी होत नाही. ते खरे असले तरी निदान आदल्या दिवशी सांगून जाणाऱ्याला सवलत मिळावी, असे माझे मत कायम आहे.

दुसरी अडचण गर्दीची. दुपारी एक ते पावणेदोन या वेळात गेलात तर बाहेर कठड्याशी वीस मिनिटे उभे राहावे लागते, आणि पावसाळ्यात तेथे आडोसा नाही. साडेबाराला किंवा दोननंतर गेल्यास जागा मिळते, पण दोननंतर खर्डा संपलेला असतो. हात धुण्याची जागा जिन्याखाली आहे, तेथे दिवा हवा. पिण्याचे पाणी गाळून, माठात ठेवलेले असते आणि माठ रोज घासला जातो. हे मी स्वतः पाहिले आहे.

नवीन मेस लावायची असेल त्यांनी महिना संपण्याच्या दोन-तीन दिवस आधी दुपारी तीन ते पाच या वेळात काकूंना प्रत्यक्ष भेटावे. अर्धे पैसे आगाऊ घेतात आणि मेस सोडल्यास उरलेले परत देतात. मी दोन जणांना परत मिळालेले पाहिले आहेत. सध्या डब्याला जागा आहे, बसून जेवायला नाही. ती विद्यार्थिनी पुढच्या अभ्यासासाठी पुण्याला निघाली आहे, त्यामुळे आमच्या टेबलावरची चौथी खुर्ची एक तारखेपासून रिकामी होईल.